बाटली क्रमांक ५३-एन

तारीख ३० ऑक्टोबर १९०२, ठिकाण पंजाबातलं मलकोवाल. प्लेगची लस टोचून घ्यायला त्या दिवशी शंभरावर गावकरी आले होते. लस मुंबईची, परळच्या प्रयोगशाळेतली. पाच बाटल्या वापरल्या गेल्या. चार बाटल्यांतली लस ज्यांच्या वाट्याला आली ते सुखरूप राहिले. उरलेल्या बाटलीवर ५३-एन असा क्रमांक होता. तिच्यातून १९ जणांना टोचलं गेलं. आठवड्याच्या आसपास त्यांच्या दातखिळी बसू लागल्या, मान ताठ झाली, पाठ धनुष्यासारखी वाकली. धनुर्वात. एकोणीसच्या एकोणीस दगावले.

मी सूक्ष्मजीवशास्त्रातला माणूस. नोकरीची बरीच वर्षं इंजेक्शनं बनवणाऱ्या कारखान्यांच्या क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत, गेली. आमच्याकडे एखादी बॅच निर्जंतुकतेच्या चाचणीत नापास झाली की 'डेव्हिएशन' उघडतं. एक लांबलचक फॉर्म भरावा लागतो, आणि त्यात 'मूळ कारण' असा रकाना असतो. हा रकाना रिकामा ठेवलेला वरच्यांना खपत नाही. 'अजून कळलं नाही' असं लिहून फॉर्म वर पाठवला तर तो दुपारच्या चहाआधी परत येतो. नव्या पोरापोरींना हा फॉर्म शिकवताना मी मलकोवालचं प्रकरण घेतो. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटच्या फाटकावरून रोज ये-जा करणाऱ्यांनाही ते सहसा ठाऊक नसतं.

तुपाखाली लोंबणारे जंतू

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. महिन्याभरात सरकारनं वाल्डेमार हाफकिन यांना कलकत्त्याहून बोलावून घेतलं. हाफकिन मूळचे ओडेसाचे, धर्मानं ज्यू, शिक्षणानं प्राणिशास्त्रज्ञ. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत १८९२ साली त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली होती आणि तीच घेऊन ते हिंदुस्थानात आले होते. वैद्यकीची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. ही बाब ध्यानात असू द्या.

ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि बाहेरची पडवी एवढी जागा त्यांना मिळाली. तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली, ताप सोसला आणि मगच भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वखुशीनं पुढं आलेल्या कैद्यांवर तिची पारख झाली. तो काळ आपल्याकडे कसा होता हे सांगायला नको. त्याच वर्षी मार्चमध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या, आणि जूनमध्ये पुण्यात चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. सरकारी प्लेग बंदोबस्ताचा लोकांना एवढा संताप होता की सरकारी सुईपुढं कुणी आपणहून दंड उघडा करावा हेच नवल.

१८९९ च्या ऑगस्टमध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात हलली. या वाड्यात गव्हर्नर राहत. १८८० च्या दशकात गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी तिथंच कॉलऱ्यानं वारली आणि साहेबांनी परळ सोडून मलबार हिल गाठली. जंतूंच्या धाकानं रिकामा पडलेल्या वाड्यातच पुढं जंतू पोसण्याचा कारखाना निघाला.

कारखाना हा शब्द मी मुद्दाम वापरतोय, कारण लस बनवण्याची हाफकिन यांची रीत प्रयोगशाळेपेक्षा मुदपाकखान्याला जवळची होती. जंतूंना वाढायला मांसाचा पचवलेला रस लागतो. त्याला पेप्टोन म्हणतात. ते करण्याची रूढ पद्धत म्हणजे डुकराच्या जठरातलं पेप्सिन हे विकर वापरून गोमांस पचवायचं. म्हणजे हिंदूही गेला आणि मुसलमानही गेला. हाफकिन यांनी विकर बाजूला ठेवलं आणि बोकडाचं मांस हायड्रोक्लोरिक आम्लानं पचवलं. मोठ्या चंबूत तो रस भरायचा, वर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब तरंगत सोडायचे आणि त्यात प्लेगचे जंतू पेरायचे. चंबू हलवायचा नाही. मग त्या तुपाच्या तवंगाला धरून जंतूंचे धागे खाली लोंबू लागतात, चुनखडीच्या गुहेत छतापासून सुळके लोंबतात तसे. प्लेगचा जंतू ओळखण्याची ती खूणच होती. दोनेक दिवसांनी चंबू हिसळून ते सुळके तळाशी पाडायचे, की वर नवे धरतात. असं सुमारे सहा आठवडे. शेवटी ६५ ते ७० अंश सेल्सिअसला तासभर तापवून जंतू मारायचे आणि रसात ०.५ टक्का कार्बॉलिक आम्ल, म्हणजे आजचं फिनॉल, घालून बाटल्या भरायच्या.

तुपाची ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा खरी वाटली नव्हती. शंभर वर्षांनंतर जंतू वाढवण्यासाठी आम्ही पोलादी फर्मेंटर वापरत होतो आणि वर आलेला फेस मोडायला तेल घालत होतो. हाफकिन यांनी घातलेलं तूप फेस मोडायला नव्हतं, जंतूंना लटकायला खुंटी म्हणून होतं.

बदल

१९०२ साली पंजाब सरकारनं प्लेगच्या टोचणीची फार मोठी मोहीम आखली. परळला मागणी आली ती सहा आठवड्यांच्या चंबूंना झेपणारी नव्हती. हाफकिन यांनी रीत बदलली. रसाऐवजी अगारच्या थरावर जंतू वाढवायचे (अगार म्हणजे समुद्री शेवाळातलं द्रव्य, आपल्या स्वयंपाकघरातल्या चायना ग्रासचं सख्खं भावंड), ते पाण्यानं धुऊन काढायचे, तापवून मारायचे आणि बाटलीत भरायचे. काम झपाट्यानं होऊ लागलं. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ही रीत आधीपासून चालू होती आणि तिच्यामुळं कुणाला इजा झाल्याचं दिसलं नव्हतं. मात्र एक गोष्ट गळली: या नव्या लसीत कार्बॉलिक आम्ल नव्हतं.

५३-एन ही बाटली याच रीतीनं भरलेली होती. मलकोवालला ती फोडली त्याच्या ४१ दिवस आधी, म्हणजे १९ सप्टेंबरला, परळला ती भरली गेली होती.

आता आमच्या फॉर्मचा पहिला प्रश्न बघा: नेहमीपेक्षा काय वेगळं केलं होतं? उत्तर समोर तयार आहे. नवी रीत, कार्बॉलिक नाही, १९ मृत्यू. क्यूसीत पहिल्या वर्षाला असलेली मुलगीसुद्धा रकाना भरून मोकळी होईल. या प्रकरणाच्या चौकशी आयोगानंही बव्हंशी हेच केलं.

आयोगाचा निकाल

चौकशी आयोगाचे अध्यक्ष होते मुंबई हायकोर्टाचे सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स. जोडीला दोन डॉक्टर होते. आयोगाचं म्हणणं थोडक्यात असं: धनुर्वाताचे जंतू बाटली मलकोवालला उघडण्याच्या आधीच आत होते. ते परळला शिरले. एक तर लस नीट निर्जंतुक झाली नव्हती, किंवा मोठ्या चंबूतून छोट्या बाटलीत ओतताना पुरती काळजी घेतली गेली नाही. आणि कार्बॉलिक वगळणं ही गंभीर चूक होती, कारण ते असतं तर धनुर्वाताच्या जंतूंची वाढ दबून राहिली असती.

हाफकिन यांना प्रयोगशाळेच्या प्रमुखपदावरून दूर करण्यात आलं आणि १९०४ साली त्यांनी देश सोडला. लंडनमधले त्यांचे चाहते याला 'छोटं ड्रेफस प्रकरण' म्हणू लागले. फ्रान्समध्ये ज्यू लष्करी अधिकारी ड्रेफस याच्यावर चाललेला खटला तेव्हा युरोपभर गाजत होता. परक्या देशाचा, परक्या धर्माचा आणि डॉक्टर नसलेला माणूस साम्राज्याच्या वैद्यकखात्यात एवढ्या वर चढलेला अनेकांना खुपत होता यात मला शंका नाही. पण नुसत्या द्वेषातून हा निकाल आला असं मी म्हणणार नाही. आयोगाचा तर्क तसा सरळ होता, आणि तो सरळ होता म्हणूनच मला तो धोक्याचा वाटतो.

जंतूची जबानी

आयोगानं माणसांच्या जबान्या घेतल्या. जंतू कसा वागतो हे विचारात घेतलं तर चित्र गुंतागुंतीचं होतं.

धनुर्वाताचा जंतू, क्लॉस्ट्रिडियम टेटनी, मातीत आणि गुराढोरांच्या शेणात सर्रास सापडतो. त्याला हवा सोसत नाही, ऑक्सिजन मिळाला तर त्याची वाढ खुंटते. अडचण आली की तो बीजाणू, म्हणजे जाड कवचातलं निद्रिस्त रूप, करून बसतो. सूक्ष्मदर्शकाखाली हा बीजाणू काडीच्या एका टोकाला फुगलेला दिसतो, ताशाच्या टिपरूसारखा. जपानी शास्त्रज्ञ कितासातो यांनी १८८९ साली बर्लिनमध्ये त्याला पहिल्यांदा शुद्ध वेगळं केलं ते या बीजाणूंच्या चिवटपणाच्या जोरावरच: मिश्रण ८० अंशांना तापवलं, बाकीचे जंतू मेले, हा उरला. मग ६५-७० अंशांची हाफकिन यांची तासाभराची आंच त्याला काय करणार? ती आंच प्लेगच्या जंतूंना मारण्यासाठी होती. धनुर्वाताचा बीजाणू त्या चंबूत पडलाच असता, तर जुन्या रीतीतही आणि नव्या रीतीतही तो जिवंतच राहिला असता.

कार्बॉलिकचंही तेच. ५ टक्के कार्बॉलिकमध्ये हे बीजाणू काही तास टिकून राहतात. लसीतल्या ०.५ टक्क्यानं ते मरायचे नाहीत. पण, आणि हा 'पण' महत्त्वाचा आहे, तेवढ्यानं ते रुजायचेही नाहीत. म्हणजे कार्बॉलिकचा उपयोग मारण्याला नाही, रोखण्याला आहे. यावरून दोन वाटा फुटतात. जंतू परळला शिरले असतील, तर कार्बॉलिक नसल्यानं त्यांना ४१ दिवस बंद, कोंदट बाटलीत मोकळं रान मिळालं. जंतू मलकोवालला बाटली उघडताना शिरले असतील, तर कार्बॉलिक असतं काय आणि नसतं काय, तेवढ्या मिनिटांत फरक पडला नसता. सगळा वाद म्हणून एकाच मुद्द्यावर येऊन थांबतो: जंतू केव्हा शिरले?

इथं हाफकिन यांच्या बाजूनं तीन साक्षी आहेत. पहिली वासाची. धनुर्वाताचा जंतू बंद बाटलीत सहा आठवडे वाढला की दुर्गंधी सुटते. ज्यानं असं वाढवलेल्या जंतूंचं कल्चर एकदा उघडलंय तो तो वास विसरत नाही. मी विसरलेलो नाही. टोचणी करणाऱ्या डॉक्टरला ५३-एन उघडताना तसं काही जाणवलं नव्हतं. दुसरी साक्ष काळाची. सहा आठवडे मुरलेल्या बाटलीत जंतूंबरोबर तयार विषही भरपूर साठलेलं असणार. असं तयार विष अंगात गेलं तर लक्षणं लवकर दिसायला हवीत. इथं आठवड्याच्या आसपासचा अवधी गेला, जो ताजी माती शिरलेल्या जखमेच्या धनुर्वाताला साजेसा आहे.

आणि तिसरी साक्ष चिमट्याची. बाटलीचं बूच चिमट्यानं ओढून काढायचं असे. जबान्यांमध्ये असं आलं की ५३-एन उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला, त्यानं तो उचलला, कार्बॉलिकच्या पाण्यात बुचकळला आणि त्यानंच बूच काढलं. पंजाबातल्या गावाची माती, गुरांची ये-जा, जमिनीला टेकलेली चिमट्याची टोकं. ज्योतीवर लाल होईपर्यंत धरलेला चिमटा आणि कार्बॉलिकच्या पाण्यात बुचकळलेला चिमटा यांत किती अंतर आहे, ते वरच्या तासांच्या हिशेबावरून समजतं.

एवढं वाचलं की मन लगेच उलट्या बाजूला झुकतं. हाफकिन निर्दोष, चिमटा दोषी, फॉर्म बंद. हाफकिन यांच्यावर लिहिणारे बहुतेक जण गोष्ट इथंच मिटवतात.

मला इथं एक गोष्ट खटकते. एकोणीसपैकी एकोणीस. धनुर्वाताचे बीजाणू विष धुऊन काढून निरोगी स्नायूत टोचले तर ते सहसा रुजत नाहीत. तिथं रक्त खेळतं असतं, ऑक्सिजन असतो, पांढऱ्या पेशी येऊन त्यांना गिळतात. त्यांना रुजायला सोबत लागते: मातीचे कण, मेलेली ऊती, दुसऱ्या जंतूंनी केलेली जळजळ. चिमट्याच्या टोकावरची माती बाटलीत विरघळून १९ जणांत वाटली गेली, तर प्रत्येकाच्या वाट्याला पुरेसे बीजाणू आणि पुरेशी सोबत गेली, कुणीच सुटला नाही, हे जरा जास्त नेमकं नाही का? याचंही उत्तर देता येतं. टोचलेल्या द्रवात कोट्यवधी मेलेले प्लेगचे जंतू होते, त्यांनी दंडात चांगलीच सूज आणली असणार, आणि सुजलेल्या, कोंडलेल्या ऊतीत बीजाणूला हवी तशी जागा मिळते. पटण्यासारखं आहे. पण सिद्ध झालेलं नाही. शिवाय वासाचं म्हणाल तर बाटली भराभर उघडून, ओळीनं उभ्या माणसांना टोचणाऱ्या डॉक्टरच्या नाकावर मी किती भिस्त ठेवीन? माझ्याच लॅबमध्ये सर्दी झालेल्या दिवशी मी काय काय हुंगलं नाही ते आठवतं.

लंडनच्या लिस्टर संस्थेकडे कागद गेले तेव्हा तिनं जे म्हटलं ते म्हणून मला सगळ्यात शहाणं वाटतं. लसीत त्या दिवशी धनुर्वात होता, हे बहुधा खरं. तो बाटलीच्या प्रवासात कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या वाटेनं शिरला, ते ठरवता येत नाही. आमच्या फॉर्मच्या भाषेत: मूळ कारण अनिश्चित. हे वाक्य लिहायला फार धैर्य लागतं. आणि ते लिहिल्यावर एका माणसाला पदावरून काढता येत नाही, हीच त्याची अडचण.

विष म्हणजे एक कात्री

थोडं आडवळण. ते १९ जण नेमके कशानं गेले, याचं उत्तर त्या काळी 'विषानं' एवढंच होतं. कितासातो आणि बेरिंग यांनी १८९० मध्ये दाखवलं होतं की या विषाविरुद्ध शरीर प्रतिविष तयार करतं आणि ते एका प्राण्याच्या रक्तद्रवातून दुसऱ्याला देता येतं. प्रतिकारशक्तीचा आधुनिक अभ्यास उभा राहिला त्यात या प्रयोगाचा वाटा मोठा आहे. पण विष करतं काय, हे उमगायला आणखी शंभर वर्षं लागली. १९९२ साली इटलीतल्या पादुआ विद्यापीठात चेझारे मोंतेकुक्को यांच्या गटानं दाखवलं की धनुर्वाताचं विष हे एक विकर आहे, जस्ताचा अणू पोटात धरून प्रथिनं कापणारं. ते मज्जातंतूंमधून उलटं चढत मज्जारज्जूपर्यंत पोचतं आणि 'आता सैल हो' असा निरोप देणाऱ्या पेशींमधलं एक नेमकं प्रथिन, सिनॅप्टोब्रेव्हिन, एका नेमक्या जागी कापतं. मग स्नायूला आवळण्याचे हुकूम मिळत राहतात आणि सोडण्याचा हुकूम येतच नाही. विकर स्वतः खर्च होत नाही, एक रेणू कापतच सुटतो. म्हणून इतकं थोडं विष पुरतं. माणसाचा जीव घ्यायला शरीराच्या किलोमागे काही नॅनोग्रॅम.

ज्या प्रयोगशाळेत पेप्सिन नको म्हणून मांस आम्लात पचवलं, तिच्या बाटलीतून अखेर एक विकरच बाहेर पडलं, असं एकदा वर्गात बोलून गेलो होतो. वाक्य टाळी घेऊन गेलं, पण ते जरा उथळच आहे. ती बाटली परळलाच नासली हे त्यात गृहीत धरलंय.

टाइम्समधलं पत्र, आणि नंतर

मलेरियाचा डास शोधणारे रोनाल्ड रॉस यांनी हाफकिन यांची बाजू घेतली. २९ जुलै १९०७ ला लंडनच्या 'टाइम्स'मध्ये एक पत्र आलं. रॉस, बर्मिंगहॅमचे लीथ, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेचे सायमन फ्लेक्सनर अशा मोठ्या जंतुशास्त्रज्ञांच्या त्यावर सह्या होत्या. हाफकिन यांच्यावरचा आरोप खोटा ठरला आहे, असं त्यात स्वच्छ म्हटलं होतं. वर्षअखेरीस सरकारनं त्यांना पुन्हा नोकरी देऊ केली. ते कलकत्त्याला आले. परळ तोवर दुसऱ्याच्या हाती गेलं होतं. लशी करून त्या लोकांवर अजमावण्याचं काम त्यांना पुन्हा मिळालं नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला ते निवृत्त होऊन युरोपात परतले आणि १९३० साली लोझानमध्ये वारले. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं गेलं. १८९७ ते १९२५ या काळात तिथून प्लेगच्या लसीच्या २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या.

पंजाबातली मोहीम मात्र मलकोवालनंतर मोडली ती मोडलीच. १९०७ साली, म्हणजे टाइम्समध्ये ते पत्र छापून आलं त्याच वर्षी, एकट्या पंजाबात सहा लाखांवर माणसं प्लेगनं मेली. त्यातली किती लस टोचली असती तर वाचली असती, हा हिशेब मी करायला धजत नाही.

बंडाबर्ग

प्रकरण इथं संपवलं तर आयोगावर अन्याय होईल. कार्बॉलिकबद्दल आयोग जे म्हणाला ते मलकोवालपुरतं सिद्ध झालं नसेल, पण तत्त्व म्हणून चुकीचं नव्हतं. त्याचा पुरावा २५ वर्षांनी ऑस्ट्रेलियात मिळाला.

जानेवारी १९२८, क्वीन्सलँडमधलं बंडाबर्ग गाव. घटसर्पाची लस मुलांना टोचली जात होती. लसीची बाटली अनेक मात्रांची, बूच रबराचं, आणि आत जंतुरोधक काहीच नाही. तीच बाटली त्या महिन्यात काही दिवसांच्या अंतरानं परत परत वापरली गेली होती. २७ जानेवारीला तिच्यातून २१ मुलांना टोचलं आणि त्यातली १२ दगावली. चार्ल्स केलवे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. पुढं प्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी नोबेल मिळवणारे मॅकफार्लेन बर्नेट तेव्हा तरुण होते. प्रयोगशाळेतलं बरंच काम त्यांनी केलं. बाटलीत स्टॅफिलोकॉकस वाढला होता. कुठून तरी थोडेसे जंतू शिरले, आणि उन्हाळ्यात, जंतुरोधक नसलेल्या पोषक द्रवात ते माजले. चौकशीची शिफारस अशी होती की अनेक मात्रांच्या बाटलीत जंतुरोधक द्रव्य हवंच.

म्हणजे मलकोवालला आयोगानं बरोबर धडा सांगितला, पण बहुधा चुकीच्या पुराव्यावरून. आणि रॉस यांनी आयोगाचा पुरावा मोडून काढला, पण त्याच्याबरोबर धडाही अर्धा वाहून गेला. हाफकिन यांच्यावर माझा एकच आक्षेप आहे. त्यांनी एका दमात दोन बदल केले: जंतू वाढवायची रीत बदलली आणि रोखणारं द्रव्यही काढलं. पहिला बदल गरजेचा होता. दुसऱ्यासाठी, लस किती दिवस वाटेत राहील, किती उकाडा सोसेल, कोण आणि कशानं उघडेल, हे प्रश्न विचारायला हवे होते. आज यालाच आम्ही 'चेंज कंट्रोल' म्हणतो आणि त्याच्या सह्या गोळा करताना सगळे वैतागतात.

माझा फॉर्म

वर्गात शेवटी मी मुलांना हा फॉर्म भरायला लावतो. गेल्या खेपेला एका मुलीनं मूळ कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'ठरवता येत नाही; दोन शक्यता'. खाली दोन्ही शक्यतांसाठी वेगळे पुरावे मांडले. वेगळा रकाना आखून तिनं लिहिलं की कोणती शक्यता खरी ठरली तरी करायलाच हव्यात अशा गोष्टी कोणत्या: चिमटा ज्योतीवर धरणं, लसीत रोखणारं द्रव्य घालणं, प्रत्येक खेपेतल्या काही बाटल्या परळलाच राखून ठेवणं, म्हणजे उद्या वाद झालाच तर तपासायला काही तरी हातात असेल. मी तिला पैकीच्या पैकी मार्क दिले.

तिनं न लिहिलेली एक गोष्ट मी फळ्यावर जोडली. आज प्राथमिक आरोग्य केंद्रात सिस्टर लसीची कुपी हातात घेते तेव्हा तिच्यावरचं रबराचं बूच ती काढतच नाही. वरची झाकणी उडवते आणि नवी सुई बुचातून आरपार आत घालते. ज्या लसींत जंतुरोधक असतं त्यांची कुपी उघडल्यावर तारीख लिहून ती ठरल्या अटींवर चार आठवड्यांपर्यंत चालवतात. बीसीजी आणि गोवर-रुबेला यांच्यात ते नसतं. नसतं कारण त्यातले जंतू आणि विषाणू जिवंतच ठेवायचे असतात. म्हणून त्या कुपीवर पाणी मिसळल्याची वेळ लिहितात, आणि चार तास झाले की शिल्लक कितीही असो, ती फेकतात. दुपारी तीन वाजता उरलेल्या मात्रा टाकून देणाऱ्या सिस्टरशी कुणी तरी बाप हुज्जत घालताना मी पाहिलाय: ताई, एवढं औषध वाया घालवता? तिनं कुपीवर बॉलपेननं लिहिलेली वेळ त्याच्यापुढं धरली, आणि त्याला उद्या सकाळी बाळाला घेऊन यायला सांगितलं.